साडेबारा इंचाचा पट्टा

मी एक जुना चामडी पट्टा आहे. माणसाच्या कमरेचा नव्हे, एका कुत्रीच्या गळ्यातला. शिलाई मशीनच्या उजव्या हाताच्या खणात, रिकाम्या रिळांशेजारी मी पडून असतो. खण नीट बंद होत नाही. त्याला चार बोटं फट राहते आणि त्या फटीतून मला मशीनचं पायडल, दाराचा उंबरठा आणि पलीकडचा रस्त्याचा एक तुकडा दिसतो. मित्रांनो, एवढ्याशा तुकड्यात मी जे पाहिलं ते तुम्हाला सांगणार आहे. गोष्ट सुखाची नाही. तरी ऐकून घ्या. नुसतं ऐकल्यानेही कधी कधी एखाद्या मुक्या जीवाचं भलं होतं.

माझा जन्म एका बोळातल्या अंधाऱ्या दुकानात झाला. तिथे चामड्याचं काम करणारे एक म्हातारे कारागीर बसत. पिशव्यांचे बंद, पेट्यांच्या मुठी, घोड्यांचे लगाम असं काय काय त्यांच्या हातून घडत असे. एके दिवशी एक नर्सबाई कापडी पिशवी छातीशी धरून दुकानात आल्या.

"गळ्यात घालायला एखादा पट्टा द्या हो, पिल्लासाठी."

"पिल्लू आणलंय का?"

"आहे ना, पिशवीत."

"मग पिशवी काय दाखवता? गळा दाखवा."

पिल्लाने पिशवीतून मान वर काढली. तपकिरी रंग, पांढरे पंजे, आणि एक कान उभा, एक पडलेला. कारागिरांनी तिच्या मानेवरून नुसता अंगठा फिरवला आणि ते म्हणाले, "आत्ता नाही देणार. हिची वाढ व्हायचीय. वाढत्या पिल्लाला चामडं घालू नये, नकळत रुततं. तोवर मऊ नाडी बांधा आणि ती रोज बघत जा. वाढ पुरी झाली की या."

गिऱ्हाईक असं परत पाठवणारा दुकानदार नर्सबाईंनी पहिल्यांदाच पाहिला असावा. पण त्या ऐकणाऱ्यातल्या होत्या. आठ महिन्यांनी त्या पुन्हा आल्या, आणि तेव्हा मी कापला गेलो. कारागिरांनी मला पाच भोकं पाडली. तिसऱ्या भोकात माझं माप बरोबर साडेबारा इंच भरलं. मग त्यांनी पितळेची एक लहानशी पट्टी घेतली आणि तिच्यावर एकेक आकडा ठोकून नर्सबाईंचा फोन नंबर उमटवला.

"आणि नाव?" नर्सबाईंनी विचारलं. "चिंधी नाव आहे हिचं."

"नाव तिला माहीत आहे. नंबर परक्याला माहीत नसतो."

मला चिंधीच्या गळ्यात बांधून झाल्यावर त्यांनी नर्सबाईंची दोन बोटं धरून माझ्या आत सरकवली. "हे दर आठवड्याला बघायचं. दोन बोटं सहज गेली पाहिजेत, तिसरं नको. दोन जात नसतील तर जीव गुदमरतो. तीन गेली तर जीव निसटतो." एवढं सांगून ते पुन्हा आपल्या कामाला लागले. मला त्यांनी नंतर कधी पाहिलं नाही, पण माझ्या अंगावरचा टाका न् टाका त्यांचा आहे. आठ वर्षांत त्यातला एकही उसवला नाही.

चिंधी हे नाव कसं पडलं तेही सांगतो. नर्सबाईंचं घर वरच्या मजल्यावर आणि खाली त्यांच्या थोरल्या नणंदेची शिवणखोली. या बाई साऱ्या गल्लीच्या आत्या. पायडलवर पाय ठेवण्याआधी मशीनला हात जोडायच्या, तोंडाने हळू काहीतरी म्हणायच्या आणि मगच पहिला टाका घालायच्या. एका थंडीत चिंध्यांच्या टोपलीत हात घातला तर आत ऊबदार काहीतरी हललं. ते हे पिल्लू. उघड्या दारातून कधी आलं, कुणाला ठाऊक नाही.

नर्सबाईंची मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती. तिला सगळे बबडी म्हणत. तिचे बाबा जहाजावर, सहा सहा महिने दूर. आई पाळीवर गेली की बबडी खाली आत्याकडे, आणि जिथे बबडी तिथे चिंधी. बबडी चालायला शिकली ती मला धरून. माझ्या कडेवर तिच्या दुधाच्या दातांच्या खुणा अजून आहेत.

ते माझे कामाचे दिवस. मी उन्हात तापलो, नळाखाली भिजलो, धुळीत लोळलो. रस्ता ओलांडताना बबडीची आई मला घट्ट धरायची आणि दर रविवारी न चुकता दोन बोटं आत घालून बघायची. थंडीत चिंधीच्या अंगावर दाट केस आले की मी एक भोक सैल व्हायचो, उन्हाळ्यात पुन्हा तिसऱ्यावर. दोनदा चिंधी दारातून पळाली. दोन्ही वेळा कुणीतरी भल्या माणसाने पितळेवरचा नंबर वाचला आणि तासाभरात ती घरी आली. तेव्हा मला केवढं कौतुक मिळालं! आत्यांनी मला खोबरेल तेल चोळलं होतं.

पण कौतुक फार दिवस टिकत नाही, मित्रांनो. माझ्यावर चिरा पडल्या. रंग उडून मी काळपट झालो. मला वासही यायला लागला असेल, मी नाही म्हणत नाही. नर्सबाईंच्या पाळ्या वाढल्या आणि रविवारची दोन बोटं आधी महिन्यावर गेली, मग बंदच झाली. समोरचे सायकलवाले काका येता-जाता टोमणा मारायचे, "आत्याबाई, गावाला नवे कपडे शिवता आणि घरच्या कुत्रीच्या गळ्यात हे काय? पंक्चर झालेली ट्यूब याच्यापेक्षा बरी दिसेल."

आत्या हसायच्या. पण ते त्यांच्या मनाला लागलं असावं.

बबडीला दहावं वर्ष लागणार होतं. वाढदिवसाला काय हवं म्हणून विचारलं तर ती म्हणाली, "मला काही नको. चिंधीला काहीतरी द्या." मग आत्यांनी ठरवलं की आपण स्वतःच्या हाताने चिंधीला नवा पट्टा शिवायचा आणि कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही.

आता आत्यांच्या हाताची एक सवय तुम्हाला सांगायला हवी. त्या शाळेचे गणवेश शिवत. पोरं भराभर वाढतात म्हणून त्या प्रत्येक मापात थोडं जास्तीचं कापड धरत. "वाढत्या अंगाचं शिवलंय हो, पुढच्या वर्षीही होईल," असं म्हणून त्या गणवेश हातात देत आणि आया त्यांना दुवा देत. तीस वर्षं हीच सवय. त्यांचा हात मापापाशी थांबतच नसे, दीड इंच पुढे जाऊनच थांबे.

एका दुपारी चिंधी माझ्यासकट पायडलजवळ झोपली होती. आत्यांनी हळूच टेप माझ्यावर धरली. साडेबारा. मग खडूने पाटीवर लिहिलं, चौदा.

मी ते पाहिलं. चिंधीला तेव्हा नववं वर्ष लागलं होतं. तिचं अंग आता कुठे वाढणार होतं?

पट्टा सुरेख झाला, खोटं कशाला बोलू? लाल मखमल, आतून मऊ कापूस, वर पांढऱ्या मण्यांची ओळ आणि एक चापाचं बटण. मखमलीला भोकं पाडली तर ती उसवेल म्हणून भोकं नव्हती. कमी-जास्त करायची सोयच नव्हती. वाढदिवशी बबडीने तो पाहिला आणि आत्यांच्या गळ्यात पडली. नर्सबाई पाळीवर निघाल्या होत्या, दारातूनच म्हणाल्या, "किती गोड! ताई, तुमच्या हाताला तोड नाही." आणि गेल्या. मला चिंधीच्या गळ्यातून काढलं. आठ वर्षांत पहिल्यांदाच तिची मान माझ्यापासून वेगळी झाली. तिथले केस चपटे झाले होते, मानेभोवती माझी एक फिकट रेघ उमटली होती. चिंधीने मला एकदा हुंगलं. मग बबडीने मला उचलून या खणात टाकलं.

लाल पट्टा चिंधीच्या मानेवर खाली ओघळून बसला. "राणीच्या हारासारखा दिसतोय," बबडी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारची वेळ. बबडी शाळेतून आली आणि चिंधीला दोरी लावून उंबरठ्याबाहेर उभी राहिली. समोर एका टेम्पोतून लोखंडी पत्रे उतरवत होते. एका माणसाचा हात निसटला आणि चळतच्या चळत रस्त्यावर कोसळली. तो आवाज खणातल्या रिळांनाही जाणवला.

चिंधी घाबरून मागे रेटली. पुढे पळाली असती तर वेगळं. पण घाबरलेलं कुत्रं मागे सरतं आणि डोकं खाली घालतं. तिचे दोन्ही कान मागे दबले आणि लाल पट्टा त्या कानांवरून घसरत सहज निघून आला. गाठ सुटली नाही, बटण तुटलं नाही. चिंधी उघड्या गळ्याने गल्लीच्या टोकाला वळली आणि दिसेनाशी झाली. बबडी दोन्ही मुठींत दोरी आवळून उभी होती. दोरीच्या टोकाला लाल पट्टा लोंबत होता.

तो संध्याकाळपर्यंतचा वेळ कसा गेला ते मला सांगता येत नाही. सायकलवाले काका सायकलवरून चार गल्ल्या फिरून आले. आत्या अनवाणी मोठ्या रस्त्यापर्यंत गेल्या. नर्सबाई पाळीवरून आल्या, पोशाखही न बदलता त्यांनी विचारलं, "हात सोडलास ना?"

"नाही सोडला," बबडी म्हणाली.

"मग काय हवेत उडाली? किती वेळा सांगितलंय, दोरी मनगटात अडकवायची म्हणून."

बबडी पुन्हा "नाही" म्हणाली, पण आवाज आधीपेक्षा लहान होता.

त्या दोघी वर गेल्यावर आत्यांनी लाल पट्टा मशीनवर ठेवला. बटण अजून लागलेलंच होतं. त्यांनी त्याला टेप लावली. मग खण उघडून मला बाहेर काढलं, तिसऱ्या भोकात अडकवलं आणि मलाही टेप लावली.  मग त्यांनी ओल्या फडक्याने पाटीवरचा चौदाचा आकडा पुसला, आम्हा दोघांना खणात ठेवलं आणि खण जेवढा बंद होतो तेवढा बंद केला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नेम केला, चिंधी घरी येईपर्यंत चहा घ्यायचा नाही. तीस वर्षं त्यांचा दिवस चहाने उगवत असे. डोकं दुखायचं तरी त्यांनी घोट घेतला नाही. पहाटे हात जोडून बसत, डोळ्यांतून पाणी गळे. त्यांची श्रद्धा खोटी नव्हती. पण मित्रांनो, चहा सोडणं सोपं असतं. तोंडातला एक शब्द बाहेर काढणं त्याहून फार अवघड असतं.

आणि वर ती पोर दिवसेंदिवस वाळत होती. आई रागात बोलून गेली होती, ती विसरलीही असेल. पोर विसरली नव्हती. तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाईकबाईने विचारलं, "कशी गं पळाली?" तर बबडी म्हणाली, "माझ्या हातून सुटली." चौथ्या दिवसापासून ती कुणी न विचारताच सांगायला लागली. जहाजावरून बाबांचा फोन आला. आत्यांच्या खोलीत उभी राहून ती म्हणाली, "बाबा, मी तिला सोडलं." आत्या मशीनवर होत्या. पायडल थांबलं. मला वाटलं, आता बोलतील. पायडल पुन्हा सुरू झालं.

नर्सबाईंनी चिंधीचा फोटो छापून घेतला. सायकलवाल्या काकांनी तो खांबाखांबावर चिकटवला. सहाव्या दिवशी काका एक खोका घेऊन आले. खोक्याला फीत बांधलेली, आत एक महिन्याचं पिल्लू.

"बबडीसाठी आणलंय. पोरीचा चेहरा बघवत नाही हो. भेट समजा."

नर्सबाईंनी पिल्लाच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "काका, तुमचं मन मोठं आहे. पण हे खेळणं नाही, पंधरा वर्षांचं काम आहे. ते न विचारता कुणाच्या हातात देऊ नये. आणि आमचा जीव अजून रस्त्यावर आहे."

"मग मी काय आणायला हवं होतं?"

"काही नको. उद्या माझ्याबरोबर कालव्यापर्यंत चाला."

काका फीत सोडून खिशात घालत आणि खोका पुन्हा काखेत घेत म्हणाले, "चालतो. सायकलीने जाऊ, पण माझी सायकल मीच दुरुस्त केलीय, तेव्हा थोडं चालावंही लागेल." त्या आठवड्यात त्या खोलीत कुणी हसलं असेल तर ते तेवढंच.

नवव्या दिवशी नर्सबाई दुपारी एकट्या आल्या आणि उंबरठ्यावर बसल्या. आत्या उठून जवळ गेल्या.

"सापडली," नर्सबाई म्हणाल्या.

"कुठे? आण ना मग."

"नाही, ताई." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "शहराच्या त्या टोकाला भटकी जनावरं ठेवण्याचं घर आहे. तिथे विचारायला गेले. फोटो बघून तिथला डॉक्टर लगेच म्हणाला, पांढरे पंजे, एक कान पडलेला. एका दूधगाडीवाल्याने रस्त्याच्या कडेवरून उचलून आणली होती. गाडीची धडक बसली होती. दोन दिवस जगली तिथे."

"दोन दिवस?"

"हो. तो म्हणाला, पायाचं आणि पोटाचं काम करता आलं असतं, पण मालकाला विचारल्याशिवाय एवढं मोठं काम करत नाहीत. गळ्यात काहीच नव्हतं. कुणाला कळवणार? बेवारस म्हणून नोंद झाली. दार वाजलं की मान उचलायची म्हणे."

मित्रांनो, त्या दोन दिवसांत मी इथेच होतो. पितळेवरचे आकडे स्वच्छ होते. खणात, रिळांजवळ.

बबडी जिन्यात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती रडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "माझ्यामुळे. मी घट्ट धरलं नाही म्हणून."

आत्या वळल्या. मशीनपाशी आल्या. आज त्यांनी हात जोडले नाहीत. सरळ खण उघडला आणि आम्हा दोघांना काढून कापण्याच्या टेबलावर ठेवलं. बबडीला हाक मारली. आली तेव्हा टेपचं एक टोक तिच्या हातात दिलं.

"हा मोज. तिसऱ्या भोकापर्यंत."

बबडीने मोजलं. "साडेबारा."

"आता हा लाल."

तिने लाल पट्टा मोजला. पुन्हा मोजला. "चौदा."

"तुझा हात सुटला नाही, बाळा. दोरी तुझ्या मुठीतच होती. पट्टा तिच्या डोक्यावरून निघाला. मी तो सैल शिवला. सवयीने शिवला. शिवताना तिच्या गळ्याला हातसुद्धा लावला नाही." आत्या नर्सबाईंकडे न बघता बोलत होत्या, सगळं पोरीला सांगत होत्या. "मला त्याच संध्याकाळी कळलं होतं."



"म्हणजे मी सोडलं नव्हतं?"

"नव्हतंस."

"मग एवढे दिवस का नाही सांगितलंस?"

  आत्यांच्या तोंडून एकच शब्द आला, "भ्याले."

नर्सबाई उंबरठ्यावरून उठल्या आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मीही तुला उगाच बोलले गं." बबडीने मला टेबलावरून उचललं, छातीशी धरलं आणि तेव्हा ती रडली. नऊ दिवसांचं एकदम. आत्या जवळ यायला गेल्या तर ती आईमागे सरकली. आत्या तिथेच थांबल्या. त्यांनी ते सोसलं.

आज त्या गोष्टीला बरेच महिने झाले. बबडी आत्याशी बोलते, पण कामापुरतं. त्या रात्री मी तिच्या उशीखाली होतो, मग एके दिवशी तिनेच मला परत या खणात ठेवलं, लाल पट्ट्यापासून जरा दूर. आत्यांनी चहा अजून सुरू केलेला नाही. आता तो कुठला नेम आहे, कुणासाठी आहे, ते त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. कुणी कुत्र्यासाठी कोट शिवायला आलं तर त्या विचारतात, जनावर कुठे आहे, आणि त्याला समोर आणल्याशिवाय टेप हातात घेत नाहीत.

माझं आता काही काम उरलं नाही. म्हणून तुम्हालाच विनवतो. तुमच्या घरी असा एखादा जीव असेल तर हे ऐकून झाल्यावर उठा आणि त्याच्या गळ्याला हात लावून बघा. नंबर वाचता येतो का बघा. प्राण्यांवर जीव असणाऱ्या माणसाला काही भेट द्यायची असेल तर आधी त्याला विचारा, आणि त्याच्या जनावराजवळ बसून त्याला काय हवंय ते बघा. सुंदर दिसणारी वस्तू नंतर. जुनं झालं, वास येतो, म्हणून काही काढून टाकताना ते कशासाठी होतं एवढं आठवा.

आणि हातून चूक झालीच, तर ती कुणा लहानाच्या माथ्यावर राहू देऊ नका. एक दिवसही नाही. मी सगळं पाहिलं होतं, पण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.